न लिहिलेला डोळा

डोळ्यांच्या त्या इस्पितळात त्याला सगळे ‘कोणता’ म्हणत. कोणता आला, कोणता जेवायला गेला, हे कोणत्याला विचारा. नव्याने कामाला लागलेल्या माणसाला पहिले काही दिवस वाटे, इथले लोक वाक्यं अर्धीच सोडतात. त्याचं खरं नाव हजेरीच्या यंत्राला तेवढं ठाऊक होतं, आणि यंत्र ते कुणाला सांगत नसे.

तळमजल्यावर जिन्याच्या पोटात त्याची खोली होती. खिडकी नाही, दोन संगणक, दोन खुर्च्या, आणि भिंतीवर मधोमध कापलेल्या फळासारखं डोळ्याचं चित्र. वरच्या मजल्यावर डॉक्टर डोळे तपासत आणि काय दिसलं ते लिहून खाली पाठवत. ते वाचून त्याचा कोड करायचा, म्हणजे माणसाचा सगळा आजार अक्षरं-आकड्यांच्या एका ओळीत बसवायचा, हे त्याचं काम. ती ओळ विमा कंपनीकडे जाई. ओळीत जरा कुठे खोट निघाली की कंपनी फाइल परत धाडे.

मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडलेल्यांच्या फाइली खास त्याच्याकडे. मधुमेह कोणत्या प्रकारचा, पडदा किती बिघडला, मध्यभागी सूज आहे की नाही, सगळ्याला ओळीत जागा ठरलेली, आणि अगदी शेवटची जागा डोळ्याची. उजवा असेल तर एक, डावा असेल तर दोन, दोन्ही असतील तर तीन. आणि डॉक्टर लिहायला विसरले असतील तर नऊ. नऊ म्हणजे ‘डोळा कोणता ते ठाऊक नाही’.

या नऊवर त्याचा जन्माचा राग होता. माणसाला डोळे असून असून किती, तर दोन. त्यातला कोणता बिघडला ते ठाऊक नाही म्हणणं म्हणजे घरात दोन मुलं, त्यातलं कोणतं तापलंय ते ठाऊक नाही म्हणण्यासारखं. पण डॉक्टर तपासतात तेव्हा डोळा समोरच असतो, बघत असतो, त्यामुळे तो कोणता हे लिहायचं त्यांच्या डोक्यातच येत नाही. मग हा वर विचारणा धाडी: ‘डोळा कोणता? उजवा, डावा, दोन्ही, की सांगता येत नाही?’ उत्तर आलं नाही की स्वतः जिना चढून दारात उभा राही.

एका डॉक्टरांनी उत्तर पाठवलं, ‘दोन्हींपैकी एक.’ दुसऱ्यांनी लिहिलं, ‘बिघडलेला.’ निवृत्तीला टेकलेल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी कागदावर सुरेख डोळा काढून पाठवला, पापण्यांसकट. याने त्याखाली ‘चित्र आवडलं. डोळा कोणता?’ असं लिहून कागद परत वर धाडला. पडद्याच्या डॉक्टरीणबाईंना त्याचा सगळ्यात जास्त ताप, कारण सगळ्यात जास्त फाइली त्यांच्याच. जिन्यावर त्याची पावलं वाजली की बाई मागच्या दाराने चहाला निघून जात.

फाइल वाचताना त्याच्या हातात पेन्सिल असे. उजवा डोळा आला की पेन्सिलीचं बोथट टोक तो स्वतःच्या उजव्या भुवईला टेकवी, डावा आला की डावीला. समोरच्या माणसाचा उजवा आपल्या डावीकडे येतो, त्यात गफलत नको म्हणून लावून घेतलेली सवय. असे गावभरचे बिघडलेले उजवे डोळे त्याने वर्षानुवर्षं आपल्या उजव्या डोळ्यापाशी आणून टेकवले होते. तो डोळा मात्र आतून कुणी पाहिला नव्हता.

शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी बसे. तिला सगळे ‘नवीन’ म्हणत. ती लागल्यानंतर बऱ्याच जणांची लग्नं झाली, एकाची मोडलीही, पण ती नवीनच राहिली. तिला काम यानेच शिकवलं.

“पहिली गोष्ट,” तो सांगे, “जे लिहिलं नाही ते नाही. दुसरी गोष्ट, फाइलीत धूर कितीही दिसू दे, आग आपण लिहायची नाही. आग डॉक्टरांनी लिहायची.”

“आणि आग दिसत असली तर, काका?”

“तर विचारायचं. पण कसं? ‘आग लागलीय ना?’ असं नाही. प्रश्नातच उत्तर भरून द्यायचं नाही. ‘काय दिसतंय? आग, धूर, दोन्ही, की सांगता येत नाही?’”

“तोपर्यंत घर जळेल की हो.”

“जळू दे. पण नोंद बरोबर होईल.”

ही विद्या त्याने घरीही नेली. त्याची बायको पडदे शिवायची. पुढच्या खोलीत तिचं मशीन, कापडाचे गठ्ठे, आणि खिडकीवर एक मोकळा दांडा, शिवलेला पडदा टांगून बघायला. स्टुलावर उभी राहून, तोंडात टाचण्या धरून ती विचारी, “पडदा सरळ आहे ना?”

“असं विचारू नये. पडदा कसा दिसतो, असं विचारावं. सरळ, वाकडा, की—”

“तुमच्याशी लग्न ठरवताना मला कुणी पर्याय दिले नव्हते,” ती टाचण्यांमधून म्हणे.

आता यातली गंमत अशी, की शुगर त्याला स्वतःलाच होती, आणि बऱ्याच वर्षांची होती. गोळ्या तो वेळेवर घेई. दरवर्षी घराजवळच्या दवाखान्यात जाई. तिथले डॉक्टर त्याचे शाळेतले मित्र. ते रक्त तपासत, पाय तपासत आणि कागदावर लिहीत, ‘मधुमेह, गुंतागुंत नाही.’

“डोळे एकदा दाखव की लेका,” मित्र म्हणत.

“दाखवतो. मी तर तिथेच असतो.”

“तिथेच असतोस म्हणजे काय? स्मशानात नोकरी करणारा काय मरत नाही?”

तो हसून कागद खिशात घाली. बायकोने एकदा तो कागद वाचला आणि मशीन थांबवून हसत सुटली. “तुमच्यात गुंतागुंत नाही? लिहिणाऱ्याला म्हणावं, आठवडाभर आमच्याकडे राहायला ये.”

पण त्याला तो कागद फार आवडे. जे लिहिलं नाही ते नाही. डोळा कुणी तपासला नाही, म्हणून त्यात काही लिहिलं गेलं नाही, म्हणून त्यात काही नाही. हा हिशेब दुसऱ्या कुणी मांडला असता तर त्याने त्याला खोलीबाहेर काढलं असतं. स्वतःपुरता मात्र तो त्यावर गाढ झोपत असे. दिवसभर दुसऱ्यांच्या काळोखाला आकडे लावणाऱ्या माणसाला आपल्या वाट्याचा थोडा काळोख बिनआकड्याचा हवा असतो, एवढंच त्यात खरं होतं.

त्याची मोठी बहीण समोरच्याच इमारतीत राहायची. ताई त्याच्याहून वयाने मोठी, आणि तिची शुगरही मोठी. दरवर्षी ती डोळे तपासायला जाई ती सहलीला निघाल्यासारखी, नवी पिशवी घेऊन. परत आली की आठवडाभर सांगे, “माझ्या डाव्यात दोन ठिपके आहेत. गेल्या वर्षीही दोनच होते.” ठिपके शहाण्यासारखे वागतात याचं श्रेय ती स्वतःकडे घेई.

या ताईने खिडकीसाठी पडदा शिवायला दिला. पांढरं कापड, त्यावर निळ्या उभ्या रेघा. ज्या दिवशी तो शिवून झाला त्या दिवशी सुट्टी होती आणि ताई बघायला आली होती. बायकोने पडदा दांड्यावर चढवला, स्टुलावरूनच मागे वळून पाहिलं, आणि या वेळी शहाणपणाने विचारलं, “कसा दिसतो?”

तो खूश झाला. दोन पावलं मागे गेला, नीट पाहिलं आणि म्हणाला, “मधली रेघ वाकडी आहे.”

“कुठे?”

“मधोमध. पोट सुटल्यासारखी.”

“पोट तुमचं सुटलंय.” पण ती खाली उतरली, लोखंडी पट्टी घेऊन आली आणि रेघेला लावली. रेघ पट्टीला चिकटून वरपासून खालपर्यंत गेली. “आता?”

त्याने पाहिलं. डोळे बारीक केले. “पट्टी वाकडी आहे.”

“ही माझ्या आईची पट्टी आहे. लोखंडाची.”

“मी लोखंडाला वाईट म्हणत नाही. मी दिसतं ते सांगतोय.”

“आणि खिडकीची चौकट?” ताईने खुर्चीतून विचारलं.

त्याने चौकटीकडे पाहिलं. “ती पण जराशी...”

“म्हणजे इमारतच वाकडी बांधलीय म्हण की. धाकट्या, वाकडा तू आहेस.”

बायको मात्र हसली नाही. पट्टी स्टुलावर ठेवून ती त्याच्यासमोर आली आणि तळहाताने त्याचा उजवा डोळा झाकला. हाताला मशीनच्या तेलाचा वास होता. “आता?”

रेघा ताठ, शाळेतल्या मुलांसारख्या रांगेत उभ्या होत्या. “सरळ,” तो म्हणाला.

तिने हात उचलून डाव्या डोळ्यावर ठेवला. “आता?”

मधली रेघ मध्यावर येऊन फुगली होती, पाण्यात बुडवलेल्या काठीसारखी, आणि तिच्या शेजारची तिला वाट देत होती.

“डोळा कोणता?” बायकोने विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. तो घसा खाकरून म्हणाला, “ते मी सांगू शकत नाही. ते डॉक्टरांनी लिहायला हवं.”

‘सरळ रेषा वाकड्या दिसतात.’ ही ओळ त्याने इतक्या फाइलींत वाचली होती की आता ती वाचावीही लागत नसे. तिच्या पुढे काय काय येतं तेही त्याला पाठ होतं. वेळेवर आलेल्यांच्या फाइली लांबत जात. न आलेल्यांच्या एके दिवशी फार थोडक्यात संपत, दृष्टी गेली एवढंच लिहून. त्या फाइलींतली माणसं पुढे काय वाचत असतील, हा विचार त्याने कधी केला नव्हता. तो विचार आता एकदम आला आणि खुर्ची ओढून बसला.

“थकवा असेल,” तो म्हणाला. “झोप झाली की जाईल. आणि सध्या कामही फार आहे.”

भावाला ओढून नेता येत नाही हे ताईला लहानपणापासून माहीत होतं. ती उठली आणि भावजयीकडे वळून म्हणाली, “हे बघ, पडदा वाकडा असेल तर मला नको. सरळ असेल तर तसं डॉक्टरांकडून लिहून आणा. मग घेईन.” जाताना भावाकडे तिने पाहिलंही नाही.

एवढ्यावर तो आणखी काही दिवस तगला असता. पण आपल्या शिवणीवर ठपका ठेवून बायको झोपणार नव्हती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच ती त्या जिन्याखालच्या खोलीत हजर झाली. एका काखेत पडदा, हातात लोखंडी पट्टी.

“मला लिहून हवंय,” ती म्हणाली, “की शिवण सरळ आहे.”

“अगं, हे इस्पितळ आहे.”

“म्हणूनच आले. शिंप्याने लिहिलेलं तुम्ही मानणार नाही.”

त्याने मदतीसाठी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. नवीन आपल्या संगणकाकडे बघत होती. मग तशीच बघत ती म्हणाली, “काका, तुम्ही अक्षरं मोठी करत गेलात, आता तुमच्या स्क्रीनवर एका वेळी तीनच शब्द मावतात.”

“तू बघत होतीस?”

“बरेच महिने. पेन्सिल पण भुवईवरच थांबते हल्ली. उजवीवर.”

“मग बोलली का नाहीस?”

“धूर दिसत होता,” ती म्हणाली. “आग मी लिहायची नाही. तुम्हीच शिकवलंत.”

एवढं बोलून तिने मान खाली घातली, आणि त्याच्या लक्षात आलं की तिला रडू येतंय आणि ते ती त्याच्या शिकवणीत कुठे बसवावं हे शोधतेय. तो उठला. पेन्सिल कानावर ठेवली, परत काढली, टेबलावर ठेवली आणि जिना चढू लागला.

जिन्यावर पावलं वाजली. पडद्याच्या डॉक्टरीणबाईंनी ती ओळखली आणि शिरस्त्याप्रमाणे मागच्या दाराने चहाला गेल्या.

“बाई नाहीत,” दारातली नर्स म्हणाली. “फाइल ठेवून जा.”

“फाइल नाही. मीच आहे,” तो म्हणाला, आणि हे वाक्य त्याला स्वतःलाच ऐकायला चमत्कारिक वाटलं.

बाईंना चहाच्या टपरीवरून शोधून आणलं ते त्याच्या बायकोने. तोवर नर्सने त्याच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातले होते आणि इतर रोग्यांच्या रांगेत बाकावर बसवलं होतं. हळूहळू समोरच्या पाटीवरची अक्षरं फुगली, मग विरघळली. खिडकीतला उजेड आत येऊन सांडला आणि पुसायला कुणी आलं नाही. ज्यांचे कोड तो करत आला ती माणसं या बाकावर अशी बसत होती तर. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, “पहिल्यांदाच?” तो म्हणाला, “बाकावर पहिल्यांदाच.”

“या, कोणतासाहेब,” बाई आल्या. हातात अजून कप होता. “हनुवटी इथे. कपाळ इथे. आणि आज प्रश्न मी विचारणार.”

त्यांनी उजेड सोडला. त्या झगझगीत तांबूसपणात त्याला एक झाड दिसलं, पानं झडलेलं, बारीक बारीक फांद्यांचं. क्षणभर त्याला कळेना हे झाड खोलीत कुठून आलं. मग उमगलं, त्या त्याच्याच डोळ्यातल्या शिरा होत्या, त्यांची सावली त्याच्याच पडद्यावर पडली होती. भिंतीवरच्या चित्रात या फांद्या लाल रंगात छापलेल्या होत्या. त्याने कधी त्या आपल्या धरल्या नव्हत्या.

बाई गप्प झाल्या. त्यांचं लिखाण तो वर्षानुवर्षं वाचत होता, त्यांची ओळ न बघता सांगू शकला असता. पण त्या अशा गप्प बसतात हे त्या लिखाणात कधी आलंच नव्हतं.

मग त्या मागे सरकल्या आणि नर्सला म्हणाल्या, “लिही.” आणि एकेक शब्द पायरी उतरल्यासारखा उच्चारत सांगू लागल्या. “उजवा डोळा. पडद्याचा बिघाड मध्यम. मध्यभागी सूज आहे. उजव्या डोळ्यात. डावा डोळा. बिघाड सौम्य. सूज नाही. डाव्या डोळ्यात.” त्याच्याकडे वळून त्यांनी विचारलं, “काही राहिलं?”

“दोन वेगळे कोड लागतील,” तो म्हणाला. आवाज जरा बारीक आला होता.

“आणि उजव्यात इंजेक्शनं लागतील. सूज उतरेपर्यंत, दर महिन्याला.”

“डोळ्यात?”

“तुम्ही किती वेळा कोड केलाय याचा?”

“कोड करताना सुई दिसत नाही, बाई.”

बाईंनी कप खाली ठेवला. त्याने समोरच्या धूसर पांढऱ्या आकृतीकडे पाहिलं, जिथे तोंड असावं असं वाटलं तिथे, आणि विचारलं, “वाचता येईल ना?”

मग बाई हळूच म्हणाल्या, “असं विचारू नये, कोणतासाहेब. प्रश्नातच उत्तर भरू नये.”

“हो,” तो म्हणाला. “चुकलं.”

“सूज उतरली तर येईल. पुष्कळांची उतरते. वेळेवर आलात असं मी लिहिणार नाही. पण फार उशीर केलात असंही लिहिणार नाही.”

हे त्याला पटलं. यात कुठे नऊ नव्हता.

“आणि माझी शिवण?” बायकोने पडदा उलगडून पुढे धरला. बाईंनी चष्मा सारखा करून वरपासून खालपर्यंत पाहिलं, पट्टीसुद्धा लावून पाहिली, आणि एका कोऱ्या कागदावर लिहून दिलं, ‘शिवण सरळ आहे.’ खाली सही केली. बाकावरच्या म्हाताऱ्यानेही विचारून घेतलं की हे कशाबद्दल आहे, आणि कळल्यावर म्हणाला, “रेघा छान आहेत.”

स्वतःची फाइल स्वतः उघडायची नाही असा नियम होता, म्हणून त्याची फाइल नवीनकडे गेली. दुसऱ्या दिवशी ती कोड करत होती तेव्हा तो खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला.

“टाकलास?”

“काका, तुम्ही विचारायचं नाही.”

“मी विचारत नाही. मी ऐकतोय.” कळांचा आवाज त्याला पाठ होता. पहिल्या ओळीच्या शेवटी बोट डावीकडच्या कोपऱ्यात, एकवर गेलं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी त्याच्या शेजारी. उजवीकडे लांब, नऊवर, गेलंच नाही. तो खुर्ची वळवून कामाला लागला.

डॉक्टरांचा कागद बायकोने ताईला नेऊन दाखवला. ताईने तो दोनदा वाचला, घडी करून तिजोरीत ठेवला आणि पडदा मात्र घेतला नाही. “राहू दे तिथेच. माझ्या खिडकीला कसली घाई? धाकट्याला सरळ दिसला की आणा.” तिच्या खिडकीवर त्या दिवसांत जुनी चादर लटकत होती.

इंजेक्शनाच्या दिवशी तो नर्सला आधीच सांगे, “उजवा. खूण करा. पेनने करा, पेन्सिल पुसते.” ती खूण करी. तरी तो बाईंना विचारी. बाई आता मागच्या दाराने जात नसत. त्या कपाळाला हात लावून खुर्चीतच बसत.

तिसऱ्या इंजेक्शनानंतरच्या सुट्टीच्या दिवशी ताई आली, नेहमीच्या खुर्चीत बसली. बायको स्टुलावर चढली, पडद्याच्या चुण्या मोकळ्या केल्या, तोंडात टाचण्या नव्हत्या तरी दात आवळूनच म्हणाली, “रेघ कशी दिसते? सरळ, वाकडी, की सांगता येत नाही?”

त्याने डावा डोळा स्वतःच्या हाताने झाकला आणि बराच वेळ पाहिलं. सरळ म्हटलं तर ताई आजच पडदा घेऊन जाईल, सगळ्यांना बरं वाटेल, चहा होईल. त्याला ते दिसत होतं.

“वाकडी,” तो म्हणाला. “पण पोट उतरलंय.”

“किती?” ताईने विचारलं.

“अर्ध्याहून जास्त. मघाशी पेपर वाचला मी. मोठे मथळे नाही, खालचं.”

बायको स्टुलावरच थांबली होती. “डोळा कोणता?” तिने विचारलं.

“उजवा,” तो म्हणाला. “माझा.”

ताई उठली. “मग एक महिना आणखी चादर,” ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.